कडेवरची खाच

तिसरी गोळी निशाणाच्या डाव्या कडेला लागली. वारा नव्हता, मैदानावरचे लाल झेंडे काठ्यांना बिलगून झोपले होते. लोर्ना पोलनरने चटईवर पडल्यापडल्याच रायफलचा बोल्ट मागे ओढला, बाहेर पडलेली पितळी पुंगळी उचलली आणि चष्मा कपाळावर सारून डोळ्यांजवळ धरली. पुंगळीच्या मानेवर केसाएवढी उभी चीर होती आणि चिरेभोवती काजळी.

"फाटली?" मागे खुर्चीवर बसून तिचे गुण लिहिणाऱ्या ओझी नोस्केने विचारलं. ओझी वारिंगा गावच्या रायफल क्लबचा कप्तान. वय अठ्ठ्याहत्तर, कान गेलेले, पण डोळे शाबूत.

"महिन्यातली चौथी."

"म्हातारी झाली असेल. माणसंसुद्धा आधी मानेतूनच जातात."

"पाचच वेळा वापरल्यात, ओझी. कॉलने एकेक जोखून निवडलेल्या आहेत. साठच्या साठ एका वजनाच्या."

कॉलचं नाव निघालं तसं ओझीने गुणांच्या वहीत डोकं घातलं. कॉल, लोर्नाचा नवरा, जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं.

काडतूस उडालं की गोळी जाते, दारू जळते, बुडातली टोपी फुटते. पुंगळी तेवढी मागे उरते. ती धुऊन, वाळवून तिच्यात नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी भरली की तीच पुन्हा कामाला येते, दहा वेळा, कधी पंधरा वेळा. पितळ थकलं की मात्र मान फाटते, जळता वायू तिथून निसटतो आणि गोळी वाट चुकते. लोर्नाला हे चाळीस वर्षं ठाऊक होतं. पाच वेळांत पितळ थकत नाही, हेही ठाऊक होतं.

"तुमची एक इकडे उडाली होती, मिसेस पोलनर."

शेजारच्या चटईवरून सेमिसी फोनुआने हात पुढे केला. त्याच्या रुंद तळव्यावर तिची पुंगळी होती. आणि त्याच्या स्वतःच्या पुंगळ्या डब्यात ओळीने उभ्या होत्या, सोन्यासारख्या लखलखीत. एकही फाटलेली नव्हती.

त्या पुंगळ्या त्याने कुठून आणल्या होत्या ते सगळ्या क्लबला माहीत होतं. मैदानाच्या टोकाला मोडीची बादली असते. इतरांनी टाकून दिलेलं पितळ तिच्यात पडतं. ओझीला विचारून सेमिसीने तिच्यातून शंभरेक पुंगळ्या वेचल्या होत्या. त्यांतल्या कितीतरी कॉल वापरायचा त्याच छापाच्या. आणि आता बादलीतलं पितळ टिकत होतं आणि कॉलचं फाटत होतं.

लोर्नाने पुंगळी घेतली. "थँक यू," ती म्हणाली, आणि त्याच्या बोटांकडे पाहत राहिली.

*

वारिंगाच्या क्लबात पुंगळ्या धुण्याचं काम पोलनरांच्या घरचं. कॉलने एका जुन्या मोटरवर फिरतं पिंप बसवलं होतं. नेमबाजी झाली की जो तो आपापल्या पुंगळ्या आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरून, डब्याला नावाची पट्टी चिकटवून लोर्नाच्या व्हरांड्यात ठेवून जाई. बुधवारी सकाळी काम सुरू होई. आधी बुडातली फुटकी टोपी खिळ्याने ठोकून काढायची. मग एकेकाचा डबा पिंपात रिकामा करायचा, त्यात कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, चिमूटभर लिंबूसत्व आणि दोन मुठी पोलादी सुया. पिंप दोन तास फिरलं की सुया आत-बाहेर घासून पितळ नव्या नाण्यासारखं करत. मग चाळणीवर सुया वेगळ्या करायच्या, पाण्याने खळबळून, टॉवेलात घोळून पुंगळ्या वाळत घालायच्या.

वाळवायला स्वयंपाकघरातला ओव्हन होता, अगदी मंद आचेवर. पण त्यात दोनच ताटं मावत. आधी लोकांची, मग आपली, असा लोर्नाचा नेम. इकडे जुलै म्हणजे थंडीचे दिवस, बाहेर ऊन नाही. म्हणून यंदा ती स्वतःची ताटं कोंबड्यांच्या खोलीत ठेवायची. तिथे चाळीस पिल्लांसाठी लाल दिवा रात्रंदिवस जळत होता. फळीवर छान ऊब असे. ओव्हनचा गॅसही वाचे आणि ताटं पुढच्या नेमबाजीपर्यंत तिथेच राहिली तरी कुणाच्या पायात येत नसत. पितळावर थोडी निळसर काळी छटा चढे, पण बोअरच्या खाऱ्या पाण्याने तसं होतंच.

या बुधवारच्या कामाला सेमिसी जानेवारीपासून यायला लागला होता. तो प्लंबर. मूळचा टोंगा बेटांवरचा, नदीकाठच्या द्राक्षमळ्यांत बरीच वर्षं काढून दोन वर्षांपूर्वी इकडे आलेला. लोर्नाचा नळ दुरुस्त करायला आला, पिंप फिरताना पाहिलं, उकिडवा बसून विचारत राहिला, आणि पुढच्या बुधवारी हजर झाला. येताना नारळाच्या गोड पाकातले उंडे आणायचा. तेव्हा तिला ते आवडले होते. आता वाटत होतं, गोड खाऊ घालून या माणसाला काय साधायचं आहे?

कारण टेबलावर सगळ्यांचे डबे उघडे असत, आणि ती चहा करायला आत गेली की तिथे तो एकटाच असे. पुंगळीच्या बुडावर कॉल हिरव्या शाईची रेघ मारायचा, पण ती धुण्यात निघून जाई. धुतल्यावर एका छापाची एक पुंगळी दुसरीसारखीच. बादलीतल्या थकलेल्या साठ इकडे टाकल्या आणि जोखलेल्या साठ तिकडे घेतल्या, तर देवाच्या बापालाही कळणार नाही.

आणि येत्या शनिवारी कमिटी होती. नवा माणूस सहा महिने उमेदवार असतो. मग दोन जुन्या सभासदांच्या सह्या लागतात. सेमिसीसाठी एक सही ओझीची आणि दुसरी लोर्नाची ठरली होती. सही नाही तर क्लब नाही, आणि क्लब नाही तर सरकारकडून रायफलचा परवानाही नाही. सहा महिने तो क्लबची झिजलेली रायफल घेऊन एकही शनिवार न चुकवता आला होता.

लोर्नाने तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. मागे कोण कुणाचा डबा उघडतंय ते ती समोरच्या आरशात पाहून सांगायची आणि तीस वर्षांत क्वचितच चुकली होती. चोराच्या कागदावर आपण सही करायची नाही, हे तिने सोमवारी ठरवलं. पण आधी पुरावा हवा.

*

तिने कॉलची त्रिकोणी कानस काढली. फळीवरच्या ताटातून वीस पुंगळ्या निवडल्या, भिंग लावून एकेकीची मान तपासली. एकीलाही चीर नव्हती. मग प्रत्येकीच्या बुडाच्या कडेवर एक बारीक खाच पाडली, नखाला लागेल पण सहज दिसणार नाही एवढी, आणि ताट परत पिल्लांच्या वर ठेवलं. बुधवारी सकाळी त्या वीस आपल्या नावाच्या डब्यात घालून तिने डबा टेबलाच्या कडेला, सेमिसीच्या खुर्चीजवळ ठेवला.

"आज उंडे नाहीत," तो आल्या आल्या म्हणाला. "बायको म्हणते, मिसेस पोलनरना साखर झाली तर आपल्यावर येईल."

"तिला सांग, माझं सगळं दुसऱ्याच कुणाकडे तरी जातं."

तो हसला. ती हसली नाही. तो खिळा आणि हातोडी घेऊन ओझीच्या पुंगळ्यांच्या टोप्या काढू लागला.

"शनिवारी कमिटी आहे ना?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"आहे."

"ओझी म्हणत होता, कोट घालून ये. मी म्हटलं, माझ्याकडे एकच कोट आहे, तो चर्चचा. तर म्हणतो, मग देवाला सांग, शनिवारी उसना दे."

"ओझी काहीही बोलतो."

"तुमच्या किती फाटल्या आतापर्यंत?"

तिचा हात थांबला. "का?"

"सहज. शनिवारची पाहिली मी. चीर सरळ होती."

"चीर सरळच असते. मी चहा टाकते."

स्वयंपाकघरात तिने किटली ठेवली आणि पडद्याच्या कडेतून बाहेर पाहिलं. आधी तो काम करत राहिला. मग त्याने मान वळवून दाराकडे बघितलं. मग हात लांब केला, तिच्या डब्यातून एक पुंगळी उचलली, उजेडाकडे धरून हळूहळू फिरवली. बुडावर नख फिरवलं. मग डब्यातल्या बाकीच्या उलटसुलट करून पाहिल्या. आणि पुंगळी शर्टाच्या खिशात टाकून त्याने खिशाचं बटण लावलं.

किटली शिट्टी वाजवत राहिली, तरी लोर्नाला ती ऐकू आली नाही.

तो गेल्यावर तिने डबा पालथा केला. एकोणीस. त्या परत पिल्लांच्या खोलीत ठेवून तिने ओझीला फोन लावला.

"माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी."

"एक पुंगळी?" ओझी ओरडून बोलला, फोनवर तो नेहमीच ओरडायचा. "अगं, एक पुंगळी नेऊन तो काय करणार, शिट्टी वाजवणार?"

"आज एक. इतके दिवस किती ते कुणी पाहिलं?"

"मग शनिवारी त्याच्या तोंडावर बोल," ओझी शेवटी म्हणाला. "माझ्याजवळ नको. पाठीमागे बोललेलं मला तसंही ऐकू येत नाही."

*

शुक्रवारी दुपारी तिने पुरावा म्हणून कमिटीत न्यायला त्या एकोणीस पुंगळ्या पिल्लांच्या खोलीतून आणल्या आणि खिडकीत बसून भिंगाखाली एकेक धरली. खाच होती. प्रत्येकीवर होती, म्हणजे या तरी तिच्याच, कुणी बदललेल्या नाहीत. तिने डबीत टाकायला सुरुवात केली, आणि सातवीशी अडखळली. मानेवर चीर. अकरावीवर आणखी एक. सतरावीवर तिसरी.

सोमवारी तिने स्वतः या तपासल्या होत्या. तेव्हापासून एकही उडवली नव्हती. रायफल कपाटात कुलपात होती. न उडवलेली पुंगळी फाटते कशी?

तिला हा प्रश्न आवडला नाही. तो सरळ उभा राहत होता आणि त्याचं उत्तर म्हणून सेमिसी चालत नव्हता. सोमवारी उजेड कमी असेल, तिने स्वतःला सांगितलं. नजर चुकली असेल. आणि काही झालं तरी एक खिशात गेली होती, ती तिने पाहिली होती. पाहिलेल्यावर शंका कशी घ्यायची? तिने डबी बंद केली आणि रबर लावला.

*

क्लबची झोपडी पत्र्याची. आत एक लांब टेबल, चहाचा बंब, आणि भिंतीवर मेलेल्या कप्तानांचे फोटो; शेवटचा कॉलचा. शनिवारी सकाळी टेबलाच्या एका बाजूला ओझी आणि लोर्ना, दुसऱ्या बाजूला सेमिसी, चर्चचा कोट घालून. कोट खांद्यात आवळत होता. ओझीने कागदावर सही केली आणि तो लोर्नाकडे सरकवला.

तिने पेन उचललं नाही.

"आधी मला एक विचारायचंय," ती म्हणाली. "बुधवारी माझ्या डब्यातून काय घेतलंस?"

सेमिसी दचकला नाही. त्याने कोटाच्या खिशातून काड्यापेटी काढली, उघडली, आणि तिची पुंगळी टेबलावर ठेवली. शेजारी एक पितळी चकती ठेवली, नळाच्या जोडावर बसते तसली. चकती आरपार तडकलेली होती.

"हीच," तो म्हणाला. "मान बघा."

लोर्नाने पाहिलं. चीर.

"बुधवारी मला शंका आली, खात्री नव्हती. आणि कॉलच्या होत्या. मेलेल्या माणसाच्या वस्तूला नावं ठेवायची तर पुरतं माहीत हवं. ही चकती मी गुरुवारी फेरेलांच्या कोंबडीफार्मातून काढली. तिथे दरवर्षी बदलावी लागते. घरांत तीस वर्षं टिकते, फार्मात एक. दोन्ही चिरा भिंगाखाली शेजारी ठेवून पाहिल्या. बहिणी आहेत."

"कोंबड्या पितळ खातात?" ओझी म्हणाला.

"कोंबड्या नाही. त्यांच्या शिटेतून वाफ उठते ना, डोळ्यांना झोंबणारी, अमोनियाची. ती ओल्या पितळाला लागली की आतून खाते. बाहेरून दिसत नाही काही, रंग तेवढा निळा-काळा पडतो. मग ठेवल्या जागी तडकतं, कुणी हात न लावता." तो लोर्नाकडे वळला. "मिसेस पोलनर, आमच्या तुम्ही ओव्हनमध्ये वाळवता ते मी पाहतो. तुमच्या कुठे वाळवता?"

बंबातलं पाणी कुरकुरत होतं. लोर्नाला फळी दिसली, लाल दिवा दिसला, दिव्याखालचा ओला भुसा आणि त्यावर दाटीने झोपलेली चाळीस पिल्लं. सकाळी दार उघडलं की डोळ्यांना पाणी यायचं. ती ते पुसून ताट उचलायची.

"पिल्लांच्या खोलीत," ती म्हणाली.

"पिल्लांच्या?" ओझी म्हणाला. "अगं, का पण?"

"ओव्हनमध्ये दोनच ताटं मावतात. आधी तुमची सगळ्यांची."

ओझीने टोपी काढून भिंतीवरच्या कॉलकडे पाहिलं आणि परत घातली. मग, कप्तान असल्यामुळे, त्याने विचारायचं ते विचारलं. "पण सेमिसी, मागून न्यायचीस. अशी गुपचूप कशाला?"

सेमिसीने टेबलावरची पुंगळी बोटाने फिरवली. बुडाची कडा लोर्नाच्या बाजूला आली. खाच वर.

"मागणारच होतो. तेवढ्यात ही नखाला लागली. डब्यात बघितलं तर सगळ्यांवर. ती कशासाठी असते ते मला समजतं. द्राक्षमळ्यात मुकादम आमच्या कात्र्यांवर पाडायचा." तो हळू बोलत होता, जणू पाइपाची मापं सांगतोय. "मी विचारलं असतं, तर तुम्हाला ते मोठ्याने बोलावं लागलं असतं. म्हटलं, आधी कारण हातात असू दे."

"काय समजतं? कसली खाच?" ओझीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

बसच्या आरशात मागची सगळी दिसतात. चालवणाऱ्याचं स्वतःचं मात्र कपाळ तेवढं दिसतं. लोर्नाने तीस वर्षांत या गोष्टीचा कधी विचार केला नव्हता.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. "खोलीची नाही. ती वेगळी." तिने पेन उचललं आणि सही केली. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं.

"थँक यू, मिसेस पोलनर," सेमिसी म्हणाला आणि कोटाचं बटण काढून झेंडे लावायला बाहेर गेला.

*

चीर एकदा शिरली की उरलेल्यांचाही भरवसा नसतो. घरी येऊन लोर्नाने कॉलच्या उरलेल्या सगळ्या पुंगळ्यांच्या माना पकडीने एकेक करून चेपल्या, म्हणजे चुकूनसुद्धा कुणी त्या भरायला नको, आणि मोडीत टाकल्या. त्याला तास लागला. कॉलला त्या निवडायला अख्खा हिवाळा लागला होता.

बुधवारी तिने दोन कप काढून ठेवले. सेमिसी आला नाही. दहा वाजता तिने एक कप परत कपाटात ठेवला आणि सगळ्यांच्या टोप्या एकटीने ठोकून काढल्या. दुपारपर्यंत मनगट सुजलं.

पुढच्या शनिवारी नेमबाजी संपल्यावर सेमिसी तिच्या गाडीशी आला आणि इतरांसारखाच आइस्क्रीमचा डबा देऊन गेला. पट्टीवर त्याचं नाव, ठळक अक्षरांत. तिने डबा बुधवारी उघडला. पहिली पुंगळी उचलली तर बोटाला काहीतरी लागलं. तिने चष्मा लावला. बुडाच्या कडेवर कानसेची खाच होती. तिने पाडली होती त्यापेक्षा खोल, नीट, प्लंबरच्या हाताची. दुसरीवर होती. तिसरीवर होती. डब्यातल्या एकूण एक पुंगळीवर होती.

हा राग होता की तिच्या सोयीसाठी केलेली गोष्ट, हे तिला कळेना. तिने त्या खुणेवर पुन्हापुन्हा नख फिरवलं. मग धुतल्या, आणि ओव्हनमध्ये पहिल्या ताटात ठेवल्या.

शनिवारी तिने डबा त्याला परत दिला.

"खाच दिसली," ती म्हणाली.

"दिसावी म्हणूनच."

"मोजून घे."

सेमिसीने डबा उघडला. पितळ उजेडात चमकलं. त्याने वरची एक उचलून मान बघितली, फुंकर मारली, परत ठेवली.

"बुधवारी एकटीला दुपार होते," लोर्ना म्हणाली. "टोप्या काढायला."

तो झेंड्यांकडे पाहत राहिला. आज डावीकडून वारा होता.

"या बुधवारी फेरेलांकडे काम आहे," तो म्हणाला. आणि जरा थांबून, "त्याच्या पुढच्या बुधवारी बघू. ओव्हनमध्ये तिसरी जाळी बसते का, तेही बघायचंय."

त्याने डब्याचं झाकण लावलं. मोजल्या नाहीत.